सोमवार-गुरुवारची सुई

९ जून १९७७, गुरुवार

औरंगाबादचं तीन दिवसांचं प्रशिक्षण उरकून केळणवाडीला परत आलो. भोकरदनपर्यंत एसटीत उभा, पुढं खताच्या ट्रॅक्टरवर बसून. मांडीवर क्षयावरच्या सुईच्या, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनच्या, बाटल्यांचं खोकं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "साहेब, लेकरू निजवल्यावानी धरलंय की." मला साहेब म्हणणारा हा जगातला पहिला माणूस, म्हणून तारखेसकट लिहून ठेवतो.

इथल्या सरकारी दवाखान्यात माझं काम थुंकी तपासण्याचं. क्षयाच्या रोग्यांचं रजिस्टरही माझ्याच गळ्यात आहे. घनसावंगीकडं आमच्या वस्तीत आई सांगत फिरते, "आमचा देवानंद दुर्बिणीतून बघतो." काय बघतो ते ती विचारत नाही आणि मीही सांगत नाही.

तर आता नवी पद्धत. आजवर आम्ही रोग्याला महिन्याच्या गोळ्या बांधून द्यायचो. पंधरा दिवसांत खोकला उतरला की माणूस गोळ्या फडताळात टाकायचा आणि दिवाळीनंतर पुन्हा रक्त ओकत यायचा. आता दर सोमवारी आणि गुरुवारी रोग्यानं दवाखान्यात यायचं, सुई घ्यायची आणि सात गोळ्या आमच्या डोळ्यांसमोर गिळायच्या. वर्षभर. घरी काही न्यायचं नाही. शिकवणारे साहेब म्हणाले, "आता माणसावर नाही, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा." मी या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या.

१३ जून, सोमवार

पहिला दिवस. बोलावले चौदा, आले पाच.

गेल्या वर्षीच्या नसबंदीच्या धामधुमीपासून लोक सरकारी सुईचं नाव काढू देत नाहीत. नर्स प्रभावतीबाईंनी सिरिंज उकळायला ठेवली, तर ओट्यावर नुसती सावलीला बसलेली माणसंसुद्धा चपला शोधू लागली. कचरू नावाचा रोगी दारातूनच "मला एकच लेकरू हाय, साहेब!" असं ओरडत पळाला. त्याच्यामागं मी देशमुखांच्या मळ्यापर्यंत धावलो. क्षयाचा रोगी माझ्यापेक्षा जोरात पळतो, याची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

भली बाई एकच, उंबरवस्तीच्या सगुणाबाई. पंचावन्नच्या पुढच्या. दोन कोस चालत येतात आणि धापही लागत नाही. फेब्रुवारीत घरोघर फिरून "खोकला कुणाला आहे?" विचारत होतो तेव्हा त्यांनी स्वतःच "मला" म्हणून सांगितलं होतं. थुंकीत जंतू निघाले. तेव्हापासून गोळ्या न्यायला एकदाही चुकल्या नाहीत. आज मात्र नवी पद्धत ऐकून चेहरा उतरला.

"मंग गोळ्या घरी न्यायच्या न्हाईत?"

"बिलकुल न्हाई, मावशी."

"आन एखांद्या दिवशी येनं जमलं न्हाई तर?"

"तर आम्ही तुमच्या घरी येऊ."

"न्हाई न्हाई! मी येते ना बराबर. घरी कशाला येता?"

सुईला भीत असणार. पण घेतली. हूं की चूं केलं नाही.

१६ जून, गुरुवार

आज मन थोडं खट्टू आहे. सुई झाल्यावर सगुणामावशींना सात गोळ्या दिल्या आणि माठातलं पाणी पुढं केलं. त्या म्हणाल्या, "मी हितलं पानी पेत न्हाई. भायेर हापशावर जाऊन गिळते." माठ मी भरतो, हे गावाला ठाऊक आहे. मी कुठल्या घरचा, हेही ठाऊक आहे. त्या मूठ तोंडाशी नेत बाहेर गेल्या, मी रजिस्टरात 'समक्ष घेतल्या' लिहिलं.

नियम म्हणजे नियम, असं प्रभावतीबाई म्हणाल्या. पण मला त्या बाईच्या मागं मागं हापशावर जाऊन उभं राहायचं नव्हतं. फेब्रुवारीतही त्यांनी मला बाहेर लिंबाखालीच थांबवलं होतं, ओसरीवरसुद्धा येऊ दिलं नव्हतं. दारातून आत बघू लागलो तर मध्ये येऊन उभ्या राहिल्या. आपण १९७७ सालात आहोत, हे उंबरवस्तीला कुणीतरी कळवायला हवं.

७ जुलै, गुरुवार

चौदापैकी बारा! कचरूही येतो. त्याच्या बायकोनंच त्याला आणून माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाली, "ह्याला टोचा. दोन ठिकाणी टोचा."

डॉक्टरांनी जिल्ह्याला पाठवायच्या अहवालात एक ओळ मला लिहू दिली. मी लिहिलं: 'श्रीमती सगुणाबाई, वय ५६, शंभर टक्के हजेरी, आदर्श रुग्ण.' वाचून दाखवल्यावर मावशी लाजल्या. मग म्हणाल्या, "ह्या गोळ्या आठवड्यातून दोनदाच घेतल्या तर पुरत्यात का, दादा? पैल्यांदा रोज व्हत्या."

"सुई आहे ना जोडीला. सुईनंच तर सगळी ताकद येते."

त्या बराच वेळ सिरिंजकडं बघत बसल्या.

२८ जुलै, गुरुवार

चक्रावून गेलोय. मावशी नेहमी घरून सकाळच्या थुंकीची डबी आणतात. आजच्या डबीत जंतूच जंतू, फेब्रुवारीपेक्षाही जास्ती. म्हणून त्यांना समोर बसवून पुन्हा थुंकायला लावलं. पुष्कळ खाकरल्या, तेव्हा कुठं चमचाभर लाळ आली. तिच्यात एकही जंतू नाही. दोनदा बघितलं. एकाच बाईच्या एकाच दिवसाच्या दोन थुंक्या, एक जत्रेसारखी आणि एक उपासाच्या ताटासारखी!

डॉक्टर म्हणाले, समोरची थुंकी नीट आलीच नसेल. मला सूक्ष्मदर्शकाचा संशय आहे. भिंग स्पिरिटनं पुसलं, पुन्हा पुसलं, शेवटी डबीतली थुंकी पसरलेली काच जिल्ह्याला फेरतपासणीला पाठवली. मावशींचं वजन मात्र जसंच्या तसं. चालणं घोडीसारखं. मग औषध लागू का पडत नाही?

११ ऑगस्ट, गुरुवार

परिपत्रक आलं: या सुईनं कधी कधी कानावर परिणाम होतो, तरी प्रत्येक रोग्याला विचारावे. मी सगळ्यांना रांगेत विचारलं, "कानात आवाज येतो का? चक्कर येते का?" कचरू म्हणाला, बायकोचा येतो.

मावशींनी उत्तर द्यायच्या आधी मलाच विचारलं, "येत आसंल तर काय करता?"

"सुई बंद करतो."

"आन गोळ्या?"

"त्याही थांबवतो. मग डॉक्टर दुसरं काही बघतील."

"मला काई व्हत न्हाई," त्या म्हणाल्या. मी रकान्यात 'नाही' लिहिलं. जाताना दाराच्या चौकटीला हात लावून क्षणभर थांबल्या. उन्हानं असेल. पाऊस ओढ देतोय, उन्हं फार तापलीत.

२५ ऑगस्ट, गुरुवार

जिल्ह्याहून उत्तर आलं: 'काच बरोबर. जंतू भरपूर.' म्हणजे भिंग निर्दोष, मी निर्दोष. सुटलो!

आता मावशींना तीनदा हाक मारावी लागते तेव्हा ओ देतात. वय झालं की माणूस आपल्याच तंद्रीत राहतो.

२९ ऑगस्ट, सोमवार

सगुणामावशी आल्या नाहीत. बावीस सुयांत पहिली गैरहजेरी. उद्या सायकल काढतो.

३० ऑगस्ट, मंगळवार

हे सगळं नीट लिहायला हवं.

उंबरवस्तीला पोचलो तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. हाक मारली. आतून खोकला आला. खोल, ओला, संपतच नव्हता. मी मनात म्हटलं, मावशींचं बिघडलं. लिंबाखाली न थांबता सरळ आत गेलो.

मावशी खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या, दोन्ही हातांनी खाटेची पाटी धरून. खोकत होती ती चुलीजवळची एक पोर. विशी-बाविशीची, हाडं मोजून घ्यावीत अशी. पदर तोंडाशी धरलेला आणि पदराला लाल डाग. तिच्या अंथरुणाशेजारी आमच्या दवाखान्याची थुंकीची डबी ठेवलेली.

तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी विचारलं, "मावशी, घरात दोन रोगी आहेत का?"

त्यांना ऐकू गेलं नाही. पोरीनं त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन सांगितलं.

"एकच हाय," मावशी म्हणाल्या. डोळे उघडले. "पर ते मी न्हाई."

ती त्यांची सून कौसल्या. लग्नाला तीन वर्षं झालीत. मी फेब्रुवारीत आलो त्याच्या आदल्या दिवशी तिला पहिल्यांदा रक्त पडलं होतं. मी विचारलं खोकला कुणाला, तर मावशी म्हणाल्या मला. आणि दुसऱ्या दिवशी डबीत सुनेची थुंकी आणून दिली. महिन्याच्या गोळ्या सुनेला मिळत गेल्या. ती सुधारत होती. चेहऱ्यावर तेज आलं होतं, म्हणे. मग मी औरंगाबादहून खोकं मांडीवर घेऊन आलो.

"सुई तर अंगातच घ्यावी लागते," मावशी म्हणाल्या. "ती घरी कशी आनू? म्हून मी घेत गेले. गोळ्या तेवढ्या मुठीत ठेवून आनीत व्हते हिला."

"पण का? सरळ सांगितलं असतं तर—"

"सरळ!" त्या उठू लागल्या आणि घर फिरल्यासारखं होऊन पुन्हा पडल्या. "म्हातारीला खोकला झाला तर लोक म्हनतात, वय झालं. सुनंला झाला तर माहेरी धाडतात, आन सा महिन्यांत दुसरी आनतात. माझी लेक गिरिजा अशीच माघारी आल्ती, दादा. सासरचे म्हनले, बरी झाली की न्यायला येऊ. कुनी आलं न्हाई. ह्याच खाटेवर गेली. मी व्याह्याला एक सबूद बोलले न्हाई. लोकं काय म्हनतील म्हून गप बसले."

कौसल्या चुलीकडं तोंड करून बसली होती.

"आन संपत?" मी विचारलं. संपत म्हणजे मावशींचा मुलगा, कौसल्याचा नवरा.

"त्याला कायबी ठाव न्हाई. रातचा तो राखनीला शेतात आसतो, खोकला माझाच समजतो. ती दिसभर शेतात त्याच्यासंगं जात न्हाई, तर मी म्हनते मला उठवत न्हाई, सून घरी पायजे."

मी विचारलं, कान कधीपासून? म्हणाल्या, "आखाडापासून रातकिडे वाजून राह्यलेत. एक कान तर गेल्यातच जमा."

११ ऑगस्टच्या रकान्यात माझ्या हातानं 'नाही' लिहिलेलं आहे.

३१ ऑगस्ट, बुधवार

काल तिथून निघताना मावशींना शब्द दिला होता, कुणाला सांगणार नाही. आज सकाळी पहिलं काम म्हणजे डॉक्टरांना सांगितलं. दुसरा मार्ग नव्हता, असं स्वतःला दहादा बजावलंय.

डॉक्टर आधी हसले. मग हसू थांबलं. "म्हणजे आपण निरोगी बाईला बावीस सुया टोचल्या, आणि जिला हव्या तिला एकही नाही. शिवाय अर्धवट गोळ्या. जंतू आता या गोळ्यांना बधतील की नाही, देव जाणे."

प्रभावतीबाई सिरिंज पुसत होत्या. म्हणाल्या, "बावीस वेळा दंड धरला मी तिचा. एकदा मूठ उघडून बघायला काय झालं होतं मला?"

हापशावर मी गेलो नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला ते जास्ती लागलं.

ठरलं असं: रजिस्टरात कौसल्याचं खरं नाव. गावात मात्र बोभाटा नाही. मावशींना चक्कर येते म्हणून सून सोबत येते, असं दाखवायचं आणि पडद्याआड सुई सुनेला. हाक मारायची ती 'सगुणाबाई' अशीच. मला ही युक्ती भारी वाटली; दुपारीच सायकलनं जाऊन दोघींना सांगूनही आलो. फक्त एक अडचण आहे. घरातल्या प्रत्येकाची थुंकी तपासायला हवी, म्हणजे संपतचीही. त्याला न सांगता ती कशी मागायची?

१ सप्टेंबर, गुरुवार

युक्ती पाच मिनिटं टिकली.

आईला चालवत नाही म्हणून संपतनं बैलगाडी जुंपून दोघींना आणलं. उंच, गप्प माणूस. पायरीवर बसून तंबाखू मळत होता; बाकी रोगी अजून यायचे होते. प्रभावतीबाईंनी हाक मारली, "सगुणाबाई!"

कौसल्या उठली. पडद्याआड जायचं सोडून तिथंच उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, सुई माझी हाय. नाव घ्यायचं तर माझं घ्या."

मावशींना ऐकू आलं नाही, पण काहीतरी घडलं हे कळलं. त्या तिचा पदर ओढायला लागल्या. कौसल्यानं तो हळूच सोडवून घेतला. नवऱ्याकडं बघत म्हणाली, "खोकला मला हाय. आत्याबाईला कायबी झालेलं न्हाई. त्यांनी माझ्यापायी कान घालवला. आता मी लपनार न्हाई. तुमाला जे करायचं ते करा."

संपतच्या तळहातावर तंबाखू तशीच राहिली. त्यानं आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, उठला आणि चालत निघून गेला. गाडीसुद्धा सोडून. मी मागं गेलो, तर नुसता हात हलवला.

कौसल्यानं सुई घेतली. सात गोळ्या एक एक करून आमच्या माठातल्या पाण्यानं गिळल्या आणि न सांगता मला तोंड उघडून दाखवलं. दोघींना उंबरवस्तीला मीच गाडी हाकत नेऊन सोडलं. बैल माझं काही ऐकत नव्हते, मावशींना काही ऐकू येत नव्हतं, पोचलो कसेबसे.

८ सप्टेंबर, गुरुवार

संपत आठ दिवस घरी नाही. भावकीतल्या कुणीतरी त्याला मंठ्याच्या गाडीत बसताना पाहिलं. कौसल्याचं माहेर मंठ्याकडं आहे.

"सोयरिक मोडायला गेला," मावशी म्हणाल्या. "दुसरं काय आसंल?"

दोघी चालत आल्या. म्हातारी डुलते म्हणून सून धरते, सून दमते म्हणून म्हातारी थांबते. दोन कोसांना त्यांना तीन तास लागले.

खरं लिहायचं तर आज वाटलं, रजिस्टर खोटं राहिलं असतं तर बरं झालं असतं. घर तर राहिलं असतं. मग वाटलं, घर राहिलं असतं आणि कौसल्या गेली असती.

१२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी नऊला फाटकात बैलगाडी. संपत हाकत होता. मागं मावशी, कौसल्या आणि एक अनोळखी बाई, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन.

संपत सरळ माझ्यापाशी आला. मी उगाच दौत सरळ ठेवली.

"ही दुर्गाबाई, माझी सासू," तो म्हणाला. "कापूस येचनीपस्तोर ऱ्हानार हाय. ह्या दोघींकडं कुनीतरी बघाया पायजे का न्हाई? मला घरी लपून काय चाललंय ते कळत न्हाई, आन शेत बी बघायचंय."

"तुम्ही गेलात ते... आम्हाला वाटलं..."

"ठाव हाय काय वाटलं. मायलाबी तेच वाटलं." त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "गिरिजाला माघारी आनायला गाडी घेऊन कोन गेल्तं? मी गेल्तो. सोळा वर्साचा व्हतो. साऱ्या वाटंनं ती खोकत व्हती आन मी बैलाकडं बघत व्हतो. आन मीच माझ्या बायकोला गाडीत घालून धाडीन, आसं मायला वाटलं! काहून? येवढा वंगाळ हाय का मी?"

मी म्हटलं, तसं त्यांना वाटलं नसेल, भीती वाटली असेल.

"तेच तर," तो म्हणाला. "दहा दिस लागले कारन सासू ऐकत नव्हती. म्हनायची, पोरगीच माघारी आन. तुमच्या घरी मरू देनार न्हाई." मग हात पुढं केला. "डबी द्या. माझी बी तपासायची आसंल ना?"

तपासली. स्वच्छ. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मंग आता जल्दी सुई द्या तिला, उन्हं चढून राह्यलेत."

१३ ऑक्टोबर, गुरुवार

मी जिल्ह्याला सगळं लिहून कळवलं होतं. 'आदर्श रुग्ण' ही ओळ मागं घेतो, असंही. नोकरी कायम व्हायला अजून पाच महिने आहेत, त्यामुळं पत्र टाकण्याआधी पोस्टाच्या पेटीपर्यंत दोनदा जाऊन परत आलो होतो. आज उत्तर आलं, दोनच ओळी. यापुढं पहिली थुंकी कर्मचाऱ्यासमोरच घ्यावी आणि त्याच वेळी घरातल्या सगळ्यांना भेटावे. बाकी काही नाही. वाचून डॉक्टर म्हणाले, "वाचलास."

मावशींची चक्कर बरीच कमी झाली. डावा कान मात्र परत येणार नाही, उजव्यात थोडं आहे. मी त्यांच्यापुढं हात जोडले, तर म्हणाल्या, "एका कानानं बी सुनंचं गाऱ्हानं ऐकू येतं. तेवढं बास."

आज हिय्या करून विचारलंच. "मावशी, पाण्याचं काय होतं? गोळ्या लपवायच्या होत्या म्हणून पीत नव्हता, की मी भरतो म्हणून?"

त्यांना आता खोटं बोलायचा कंटाळा आला असावा.

"तेबी व्हतं थोडं," म्हणाल्या.

"थोडं?"

"पैल्यांदा लई व्हतं." मग माठाकडं बोट केलं. "दे."

मी तांब्या दिला. अर्धा प्यायल्या आणि म्हणाल्या, "खारं हाय रे पानी तुमचं."

२९ डिसेंबर, गुरुवार

चार महिने झाले, म्हणून कौसल्याची थुंकी समोर बसवून घेतली. काच रंगवली. तासभर बघितलं. जागा बदलून बदलून बघितलं. शेवटी डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेले.

बाहेर ओट्यावर गर्दी. कापसाचे दिवस असूनही आज चाळीसेक माणसं. कचरू, त्याची बायको, उंबरवस्तीची भावकीतली दोघं-तिघं, आणि एका कडेला मावशी, संपत, कौसल्या. मी मावशींजवळ जाऊन हळूच सांगितलं, "मावशी, काच साफ आहे."

"आँ?"

"जंतू न्हाईत आता."

"काय म्हनला? जंतर?"

उजव्या कानाशी गेलो. तरी नाही. गर्दीचा गलका चालू होता. मी इकडं-तिकडं बघितलं, कौसल्याकडं बघितलं. तिनं होकाराची मान डोलावली. मग छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, "मावशी, तुमच्या कौसल्याच्या थुंकीत एकसुद्धा क्षयाचा जंतू न्हाई!"

गलका बंद. सगळा ओटा आमच्याकडं बघायला लागला. फेब्रुवारीपासून जी गोष्ट म्हातारीनं मुठीत धरून ठेवली होती ती मी केळणवाडीला आणि शेजारच्या तीन गावांना ऐकवली.

मावशींनी एकदा सगळ्यांकडं नजर फिरवली. मग ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा आवाज जेवढा मोठा असतो तेवढ्या मोठ्यानं भावकीतल्या बाईला म्हणाल्या, "ऐकलं का गं? माझी सून बरी व्हऊन राह्यली!"

कौसल्या दोन्ही हातांत तोंड झाकून हसत होती. हसता हसता ठसका लागला, आणि ओट्यावरचं एकही माणूस बाजूला सरकलं नाही.

अजून आठ महिन्यांच्या सुया बाकी आहेत. सोमवारी येतीलच.